पडद्यावरचे पान : अन्नप्रवासाच्या मालिका आणि शेंद्रा परिसर

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील ज्या मालिकांमध्ये सूत्रधार एखाद्या मुलखातून प्रवास करतो, तिथल्या माणसांच्या घरी, शेतात, बाजारात आणि खानावळीत जाऊन जेवतो आणि त्या जेवणाच्या आधाराने प्रेक्षकाला त्या मुलखाचा भूगोल, इतिहास आणि रोजचा व्यवहार उलगडून दाखवतो, त्या मालिकांना येथे ‘अन्नप्रवास मालिका’ असे म्हटले आहे. केवळ पाककृती शिकवणारा कार्यक्रम या व्याख्येत बसत नाही, कारण त्यात पदार्थ असतो पण गाव नसते. आणि किल्ले, देवळे, लेणी दाखवणारा माहितीपटही बसत नाही, कारण त्यात गाव असते पण गावची चूल पेटलेली दिसत नाही. चूल आणि गाव ही दोन्ही एकाच चौकटीत आणणे हे या प्रकाराचे खरे काम होय, आणि ते ज्या देशाबाबत सर्वाधिक वेळा आणि सर्वाधिक आस्थेने झाले तो देश इटली आहे. शेंद्रा आणि त्याभोवतीच्या छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद, जिल्ह्याबाबत ते अजून व्हायचे आहे. इटलीच्या उदाहरणावरून या परिसराकडे पाहावे, आणि इथे कॅमेरा आलाच तर त्याने कोठे जावे, कोणापाशी बसावे आणि काय वगळू नये याचा विचार करावा, हा या लेखनाचा हेतू आहे.

इटलीत राय या सरकारी वाहिनीचे नियमित प्रक्षेपण ३ जानेवारी १९५४ रोजी सुरू झाले, आणि त्यानंतर चार वर्षेही झाली नव्हती तोच, १९५७च्या अखेरीस, मारिओ सोल्दाती या कादंबरीकार-चित्रपट दिग्दर्शकाने पो नदीच्या खोऱ्यातून अस्सल अन्नाचा शोध घेणारी बारा भागांची मालिका सादर करण्यास आरंभ केला. आल्प्स पर्वतात उगम पावून सुमारे साडेसहाशे किलोमीटर पूर्वेकडे वाहणारी आणि ॲड्रियाटिक समुद्राला मिळणारी पो ही इटलीची सर्वांत लांब नदी. तिच्या काठाने उगमाकडून मुखाकडे जाताना सोल्दाती गवळ्याशी, चीज बनवणाऱ्याशी, कोळ्याशी आणि खानावळवालीशी बोलत गेला, आणि वाटेत लागलेल्या खाद्यपदार्थांच्या कारखान्यांतही त्याने कॅमेरा नेला. या मालिकेचा काळ लक्षात घेतला पाहिजे. पन्नाशीच्या दशकाअखेरीस उत्तर इटलीत कारखानदारी झपाट्याने वाढत होती, दक्षिणेकडचे शेतमजूर गावे सोडून मिलान आणि तुरीनकडे लोटत होते, आणि जे अन्न पिढ्यान्‌पिढ्या ठरल्या हातांनी होत आले ते आणखी किती दिवस तसेच राहील अशी शंका विचारी माणसांना पडू लागली होती. अन्नप्रवास मालिकेचा जन्म पर्यटनाच्या जाहिरातीतून झाला नाही, तो या शंकेतून झाला, आणि पुढच्या साऱ्या मालिकांची पारख करताना ही गोष्ट कसोटीसारखी उपयोगी पडते.

पुढे हा प्रकार इटलीबाहेरच्या वाहिन्यांनी उचलला. ब्रिटनच्या बीबीसीने २०११ साली अंतोनिओ कार्लुच्चो आणि जेन्नारो कोन्ताल्दो या दोन स्थलांतरित इटालियन बल्लवांना मायदेशी पाठवून मालिका केली, तर २०१३ मध्ये एका इटालियन बल्लवाला एका ब्रिटिश कलासमीक्षकाची जोड देऊन चित्रे, चर्च आणि ताट यांचा एकत्र प्रवास घडवला. अमेरिकेच्या सीएनएन वाहिनीवर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरू झालेली अभिनेता स्टॅन्ली टुची याची मालिका करोनाच्या टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाने मनापासून पाहिली. तिच्या पहिल्या भागात नेपल्स आणि अमाल्फीचा किनारा होता, आणि पुढचे बहुतेक भाग इटलीच्या एकेका प्रांताला किंवा शहराला वाहिलेले होते. ही प्रांतवार मांडणी सोयीपुरती नाही. इटली हे एकसंध राष्ट्र १८६१ साली झाले, त्यापूर्वी शेकडो वर्षे तिथे वेगवेगळी राज्ये आणि नगरे नांदत होती, आणि म्हणून ‘इटालियन जेवण’ म्हणून जे जगभर विकले जाते त्याला इटलीत फारसा अर्थ नसतो. तिथे बोलोन्याचे जेवण असते, सिसिलीचे असते, रोमचे असते. महाराष्ट्रीय जेवण म्हणून पुरणपोळी आणि वरणभात पुढे करणाऱ्या लेखकांनी या मांडणीकडे बारकाईने पाहावे, कारण कोकण, खानदेश, वऱ्हाड, देश आणि मराठवाडा यांची ताटे एकमेकांहून तितकीच निराळी आहेत.

या मालिकांतून वारंवार येणारी एक संकल्पना येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. इटलीत ‘कुचीना पोवेरा’ म्हणजे गरिबांचा स्वयंपाक ही केवळ हलाखीची आठवण मानली जात नाही, ती राष्ट्रीय अभिमानाची गोष्ट मानली जाते: शिळ्या पावाचे तोस्कानी सूप, डाळी-कडधान्यांची रस्सेदार पेजवजा जेवणे, आणि रोममधील ‘पाचवा चौथाई’ ही त्याची ठळक उदाहरणे होत. कापलेल्या जनावराचे चार उत्तम भाग सरदार, धर्मगुरू, व्यापारी आणि सैनिक यांच्याकडे जात असत, आणि उरलेली आतडी, काळीज, शेपूट, जीभ हा जो पाचवा भाग तो गोरगरिबांच्या वाट्याला येई. रोमच्या तेस्ताच्चो भागात १८९० पासून १९७५ पर्यंत चाललेल्या मोठ्या कत्तलखान्यातील कामगारांना मजुरीचा काही भाग याच रूपात मिळत असे, आणि त्यांच्या बायकांनी व भोवतालच्या खानावळींनी त्यातून जे पदार्थ रचले ते आज रोमच्या नामांकित उपाहारगृहांत मानाने वाढले जातात. जगभरचे सूत्रधार तेस्ताच्चोत जातात, ते पदार्थ खातात आणि त्यामागचा मजुरीचा इतिहासही सांगतात. ज्या अन्नाची एकेकाळी लाज वाटत होती त्याला पडद्यावर सन्मानाची जागा देणे ही या मालिकांची सर्वांत मोठी कामगिरी आहे, आणि मराठी पडद्याला नेमके हेच आजवर जमलेले नाही.

इटली आणि मराठी मुलूख यांचा संबंध केवळ तुलनेपुरता नाही. निजामाच्या राजवटीत, गुलाम याझदानी हे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख असताना, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची पडझड थांबवण्यासाठी लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी हे दोन इटालियन तज्ज्ञ १९२० ते १९२२ या काळात बोलावण्यात आले होते. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पुन्हा पक्का बसवला. चित्रांवर दिलेला लाखेचा थर मात्र काळाच्या ओघात पिवळा पडला आणि तो हलक्या हाताने काढण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागावर येऊन पडले. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी, १९५७ साली, नववास्तववादी चित्रपटांचा अध्वर्यू रोबेर्तो रॉसेलिनी भारतात होता आणि त्याने केलेल्या चित्रीकरणातून १९५९ मध्ये रायवर भारताविषयीची दहा भागांची मालिका प्रक्षेपित झाली. तिच्यातला एक भाग मुंबईच्या वर्सोव्याला, तिथल्या कोळ्यांच्या वस्तीला वाहिलेला होता. भारतातील दूरचित्रवाणीचे पहिले प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीहून झाले ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी. म्हणजे भारताचा स्वतःचा पडदा उजळण्यापूर्वीच इटलीतील घराघरांत वर्सोव्याचे कोळी पोचले होते.

मराठी दूरचित्रवाणीचा प्रवास मुंबई केंद्रापासून, २ ऑक्टोबर १९७२ पासून, सुरू होतो, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने पाहता त्यात तीन वेगळे प्रवाह दिसतात. पहिला मातीचा: ‘आमची माती आमची माणसं’ या कार्यक्रमाने शेतकऱ्याला त्याच्या बांधावर उभे करून बोलते केले, पीक, पाणी, कीड, बियाणे यांची चर्चा घरोघर नेली. दुसरा चुलीचा: १९९३ साली हिंदीत सुरू झालेल्या संजीव कपूर यांच्या ‘खाना खजाना’ने जो साचा रूढ केला त्याच्याच पुढे मराठी वाहिन्यांवर ‘मेजवानी’ आणि ‘आम्ही सारे खवय्ये’ हे कार्यक्रम आले, आणि त्यांतील ओटा, गॅसची शेगडी आणि प्रसन्न सूत्रधार दुपारच्या वेळी मराठी घरांच्या सवयीचे झाले. तिसरा वाटेचा: ‘भटकंती’मध्ये मिलिंद गुणाजी यांनी गडकिल्ले, घाटवाटा आणि आडगावची देवळे दाखवली. त्याआधी नव्वदीच्या दशकात दूरदर्शनवर सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांच्या ‘सुरभि’ने देशभरच्या कला, हस्तव्यवसाय आणि चालीरीती दिवाणखान्यात आणल्या होत्या, त्या कार्यक्रमाच्या प्रश्नांना उत्तरे देणारी पत्रे लाखांनी येत. या तिन्ही प्रवाहांतील माणसांनी निष्ठेने काम केले, त्यांचा प्रेक्षकही मोठा होता. तरीही शेतकऱ्याच्या बांधावर गेलेला कॅमेरा त्याच्या घरच्या पानावर बसला नाही, ओट्यावर शिजलेल्या भाजीचे शेत दिसले नाही, आणि गडावर पोचलेल्या सूत्रधाराने गडाच्या पायथ्याशी काय शिजते याची चौकशी ओझरतीच केली. सोल्दातीने १९५७ साली एका नदीच्या काठाने जे एकत्र गुंफले ते मराठीत तीन खात्यांत विभागले गेले. पु. ल. देशपांडे दिल्लीच्या दूरचित्रवाणी केंद्राच्या अगदी आरंभीच्या काळात तिथे कामाला होते आणि ‘माझे खाद्यजीवन’ हा मराठीतला खाण्यावरचा सर्वांत लाडका लेखही त्यांचाच. त्यांच्यासारख्याच्या हाती एखादी मराठी अन्नप्रवास मालिका आली असती तर या प्रकाराचे मराठी रूप केव्हाच ठरून गेले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

या पार्श्वभूमीवर शेंद्र्याची निवड का, हे सांगितले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिकलठाण्याचा विमानतळ मागे टाकल्यावर, शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. स्कोडा या मोटार कंपनीचा कारखाना येथे २००१ मध्ये सुरू झाला. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ हे नवे औद्योगिक नगर आखले गेले आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी त्याचा पहिला टप्पा राष्ट्राला अर्पण झाला. अजिंठा-वेरूळ पाहायला विमानाने येणारा परदेशी पाहुणा चिकलठाण्याला उतरतो, पश्चिमेला वळून शहरातील हॉटेलात जातो, दुसऱ्या दिवशी वेरूळ, तिसऱ्या दिवशी अजिंठा पाहतो आणि परततो. विमानतळाच्या पूर्वेला काही मैलांवर असलेल्या शेंद्र्याकडे तो वळत नाही, कारण तिथे लेणे नाही. परंतु अन्नाच्या दृष्टीने पाहिले तर मराठवाड्याचे जुने आणि नवे जेवण जितके दाट मिसळलेले येथे दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल. एका बाजूला शेंद्रा कमंगर हे मूळ गाव आणि त्याचे मांगीरबाबाचे देवस्थान, भोवती ज्वारी, तूर, कापूस आणि मक्याची रानं, आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या पाळ्या सुटताना फाटकांसमोर उभ्या राहणाऱ्या पोहे-वडापावच्या गाड्या, परप्रांतीय कामगारांसाठी चालणाऱ्या खानावळी आणि खोल्याखोल्यांतून पोचणारे डबे. सोल्दातीच्या पो खोऱ्यात १९५७ साली जे संक्रमण चालू होते तेच येथे आज चालू आहे. म्हणूनच ही नोंद आताच व्हायला हवी.

मांगीरबाबाची यात्रा चैत्रात भरते. मातंग समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान असले तरी इतर समाजांतले लोकही येथे नवस बोलतात आणि फेडतात. या यात्रेची जी छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात ती बहुधा पाठीत लोखंडी गळ टोचून घेणाऱ्या नवसकऱ्यांची असतात, आणि या प्रथेला अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी सातत्याने विरोध केलेला आहे. तो विरोध योग्यच आहे, कारण माणसाच्या देहाला इजा करून फेडला जाणारा नवस कोणत्याही श्रद्धेच्या नावाने समर्थनीय ठरत नाही. मात्र या एका दृश्यापलीकडे यात्रेचे जे विस्तीर्ण रूप आहे ते कॅमेऱ्याच्या नजरेतून निसटते. नवसाच्या बोकडाचे सामूहिक जेवण, ज्याला मराठवाड्यात कंदुरी म्हणतात, हे त्या रूपाचे केंद्र आहे. कंदुरी ही केवळ मेजवानी नसते. आप्तांना, सोयऱ्यांना, गावकऱ्यांना सांगावे धाडले जातात, तीन दगडांच्या चुली उघड्यावर मांडल्या जातात, भाकरी थापायला एका घरच्या बायका पुरत नाहीत म्हणून चार घरच्या हातभार लावतात, आणि रश्शाला दाटपणा यावा म्हणून येसर घातला जातो. येसर म्हणजे भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाले एकत्र दळून केलेले पीठ. खोबरे परवडत नाही तिथे चवही देणारे आणि पन्नास माणसांचा रस्सा शंभर जणांना पुरवणारे हे पीठ म्हणजे कोरडवाहू मुलखाची खास बुद्धिमत्ता आहे, आणि तोस्कानी सूपात शिळा पाव घालणाऱ्या गृहिणीच्या बुद्धिमत्तेशी तिचे नाते सरळ आहे. दोघींपुढचा प्रश्न एकच होता: थोडे आहे, जेवणारे पुष्कळ आहेत.

या अन्नाविषयी मराठीत लेखन नाही असे म्हणता येणार नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे २०१५ साली आलेले पुस्तक मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या आहाराची नोंद आतून करते: वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, जनावराचा कोणताही भाग वाया न घालवण्याची रीत, तेलातुपाच्या अभावात रचलेल्या चवी, आणि या साऱ्याभोवती गुंडाळलेली अस्पृश्यतेची व्यवस्था. रोमच्या पाचव्या चौथाईमागे वर्गाचा इतिहास आहे, येथे जातीचा आहे, आणि जातीचा इतिहास अधिक कठोर आहे. त्यामुळे तेस्ताच्चोतला कामगारांचा पदार्थ उच्चभ्रू उपाहारगृहात पोचला तशी वाटचाल येथे आपोआप होईल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल. तरी ज्या पुस्तकाने लिखित मराठीत ही दारे उघडली त्याच्या पावलावर दृश्य माध्यमाने पाऊल ठेवू नये याला काही कारण नाही. जो कार्यक्रम मराठवाड्याचे अन्न दाखवण्याचा दावा करतो आणि यातील एकाही घरात शिरत नाही त्याचा दावा अपुरा आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

शेंद्र्याहून शहराकडे आल्यावर नान आणि खलिया यांचा विचार क्रमप्राप्त ठरतो. खलिया म्हणजे मसाल्यांत शिजवलेले, वर तरी तरंगणारे मटण, आणि त्याच्याबरोबर खाल्ला जाणारा नान हा भट्टीतला रोट. जुन्या शहरातील भट्ट्यांवर हा नान होताना पाहणे हा स्वतंत्र अनुभव आहे: आंबवलेल्या कणकेचे गोळे हाताने पसरले जातात, ते मऊ गादीवर घेऊन तापलेल्या मातीच्या तंदूरच्या आतल्या भिंतीला चापले जातात, आणि हळद मिसळलेल्या पाण्याचा हात त्यांवर फिरल्याने त्यांना जी पिवळसर-तांबूस झळाळी येते ती तंदूरमधून लोखंडी आकड्याने बाहेर ओढल्यावर काही क्षण फारच उजळ दिसते. लग्नाच्या जेवणासाठी शेकड्यांनी नान लागतात, आणि अशा दिवशी भट्टीवरचा कारागीर न बोलता, न थांबता, ठरलेल्या लयीत काम करीत राहतो. परंपरा असे सांगते की मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली तेव्हा फौजेबरोबर हे जेवण दख्खनमध्ये आले. या परंपरेचा आदर राखूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे: मिरची भारतात आली ती सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांमार्फत, म्हणजे तुघलकाच्या सैन्याने खाल्लेला खलिया आजच्यासारखा लाल आणि तिखट असणे शक्य नव्हते. इटलीतही हाच प्रकार आहे. टोमॅटो तिथे अमेरिकेहून आला, त्याच्या सॉसची छापील कृती नेपल्सच्या आंतोनिओ लातिनीच्या ग्रंथात १६९०च्या दशकात येते, आणि पास्ता व टोमॅटो यांची जोडी छापील पाककृतींत त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी दिसू लागते. तरीही आज ती जोडी इटलीची अनादि ओळख मानली जाते. चांगली अन्नप्रवास मालिका अशा ठिकाणी आख्यायिका सांगते आणि लगेच तिच्याशेजारी व्यापारी मार्गांचा इतिहासही मांडते, त्यामुळे पदार्थाची गोडी उणावत नाही आणि मुलूख जगाशी किती जुना जोडलेला आहे हे कळते. पैठण हे सातवाहनांचे नगर रोमन जगाशी व्यापार करीत होते हे येथे आठवावे.

थंडीतला हुरडा हा याहून निराळा, शेतातच सुरू होऊन शेतातच संपणारा प्रकार आहे, आणि चित्रीकरणास तो इतका अनुकूल आहे की त्यावर आजवर एखादा उत्तम भाग झालेला नसावा याचे आश्चर्य वाटते. रब्बीची ज्वारी दुधात भरून किंचित घट्ट होऊ लागली, पण पुरती पिकली नाही, अशा नेमक्या दिवसांत तिची कणसे खुडली जातात. जमिनीत खणलेल्या आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलवून त्या निखाऱ्यांत कणसे खुपसतात, राखेचा वास लागला की ती बाहेर काढून तळहातांवर चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात, आणि हिरवेगार, ओलसर, गरम दाणे शेंगदाण्याच्या किंवा लसणाच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर, दह्याबरोबर तिथेच खाल्ले जातात. सुरती, गूळभेंडी ही हुरड्याच्या ज्वारीची नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. चोळणाऱ्याचा हात भाजतो, म्हणून कणीस चोळणे हे सवयीच्या माणसाचेच काम असते, आणि यजमान स्वतः खाली बसून पाहुण्यांसाठी चोळत राहतो. हा पाहुणचार ज्याने एकदा अनुभवला त्याला मराठवाड्याच्या कोरडेपणाविषयीच्या गप्पा अपुऱ्या वाटू लागतात. ज्वारीच्या रानांची जागा सोयाबीन, मका, कापूस आणि शेंद्र्यासारख्या ठिकाणी कारखान्यांनी घेतली आहे, आणि हुरडा आता हळूहळू शहरी पाहुण्यांसाठी तिकीट लावून होणारा कार्यक्रम बनत आहे. त्यात शेतकऱ्याला चार पैसे मिळतात ही चांगली गोष्ट आहे. मात्र बैलगाडीची फेरी आणि गाण्यांच्या गोंगाटात चोळणाऱ्याचा हात दिसेनासा होऊ नये.

इटलीने आपल्या अन्नाला कायद्याचे आणि संस्थांचे जे पाठबळ दिले त्याचा येथे थोडक्यात उल्लेख पुरेसा आहे. युरोपीय संघाने १९९२ साली उगमस्थानाशी बांधलेल्या पदार्थांना संरक्षण देणारी व्यवस्था केली. पार्मिजानो रेज्जानो या चीजचे उदाहरण घ्यावे: सुमारे ४० किलोंच्या एका चक्क्यासाठी सुमारे ५५० लिटर दूध लागते, तो किमान १२ महिने मुरवावा लागतो, आणि ठरलेल्या टापूबाहेर केलेल्या चीजला ते नाव लावता येत नाही. नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या बैठकीत संपूर्ण इटालियन पाकपरंपरेला त्या यादीत स्थान मिळाले. भारतातही भौगोलिक मानांकनाचा कायदा २००३ पासून अमलात आहे, आणि मराठवाडा केसर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचे सीताफळ यांना ते मानांकन २०१६ साली मिळाले आहे. कागद झाले आहेत. परंतु पार्मिजानोचा चक्का फोडणारा माणूस जगभरच्या प्रेक्षकांनी दहा मालिकांत पाहिलेला असतो, आणि बालाघाटाच्या उतारावर सीताफळे तोडणारी बाई बीडच्या पलीकडे कोणी पाहिलेली नसते. मानांकन बाजारात कसे उभे राहते यात या फरकाचा वाटा मोठा आहे. मराठी सहल-कंपन्यांबरोबर रोम-व्हेनिसला जाणारी कुटुंबे तिथे कित्येकदा सोबत आणलेल्या आचाऱ्याच्या हातचा वरणभात खातात. त्याच कुटुंबांनी घरी बसून तोस्कानीचे जेवण पडद्यावर पाहिलेले असते, आणि शेंद्र्याचा येसर मात्र त्यांनी पडद्यावरही पाहिलेला नसतो.

पडद्याच्या प्रसिद्धीचे दुष्परिणामही इटलीकडूनच शिकता येतात. सिसिलीतील रागूसा परिसरात चित्रित झालेल्या इन्स्पेक्टर मोंतालबानो या मालिकेमुळे तिथल्या गावांकडे प्रेक्षकांचे लोंढे वळले, उपाहारगृहांना बरकत आली, पण अमाल्फीच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी गर्दीने रस्ते तुंबले आणि स्थानिकांना घरे परवडेनाशी झाली. वेरूळ-अजिंठ्याला गर्दीचा अनुभव आहे. एखाद्या शेतावरच्या चुलीला किंवा भट्टीला तो नाही. म्हणून अशा मालिकेने एकाच भट्टीचे वा एकाच घराचे नाव डोक्यावर घेऊन नाचण्यापेक्षा रीत दाखवावी, ती अनेक हातांत आहे हे दाखवावे.

चित्रीकरणाचे वेळापत्रक मुलखाच्या पंचांगावरून ठरले पाहिजे, निर्मात्याच्या सोयीवरून ठरता कामा नये. पौषात हुरडा, फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणची नाथषष्ठी आणि तिथल्या दिंड्यांच्या पंगती, चैत्रात मांगीरबाबाची कंदुरी, वैशाखात केसर आंबा, रमजानच्या महिन्यात जुन्या शहरातल्या संध्याकाळच्या भट्ट्या, पावसाळ्यात रानभाज्या: इतके जरी एका वर्षात टिपले तरी या परिसराचे पहिले दृश्य-संकलन उभे राहील. बोलणाऱ्याची बोली तशीच राहू द्यावी. मराठवाडी मराठी आणि शहरातली दख्खनी यांना प्रमाणभाषेच्या निवेदनाखाली दडपू नये, जरूर तर खाली अक्षरे द्यावीत, टुचीच्या मालिकेत इटालियन बोलणाऱ्यांसाठी देतात तशी. आणि ज्या स्त्रीने येसरची कृती सांगितली, ज्या कारागिराने नान भाजला, ज्या शेतकऱ्याने कणीस चोळले, त्यांची नावे त्यांच्या संमतीने भागाच्या अखेरीस, कॅमेरामनच्या आणि दिग्दर्शकाच्या नावांच्या रांगेत यावीत. सूत्रधाराला दिले जाते तसे मानधन त्यांनाही दिले जावे, आणि झालेल्या चित्रीकरणाची एक प्रत त्यांच्या गावच्या शाळेत वा ग्रंथालयात ठेवली जावी.